नवऱ्याचं नाव

तुम्ही बावीस दिवस चोरलेत, साहेब. तुमच्या पत्रात त्याला 'गैरसमज' म्हटलंय, पण चोरीला दुसरं नाव दिलं म्हणून तिचं पुण्य होत नाही. बारा वर्षं झाली. तुमची बदली झाली असेल, बढती झाली असेल. खुर्ची तिथंच आहे, म्हणून खुर्चीलाच सांगते.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. बायकांचं शिबिर. टेबलामागं तुमचा माणूस, गळ्यात ओळखपत्र उलटं पडलेलं, समोर मोठं रजिस्टर. रांगेत मी पुढं आणि माझी थोरली जाऊ, अनसाक्का, माझ्या मागं.

"नाव?"

"अनसूया आनंदा वरुटे."

मागून अनसाक्कानं माझ्या दंडाला चिमटा काढला. "वच्छे, माझं नाव कशाला सांगतीस गं?"

"माझंबी तेच हाय. कार्डावर बघ."

खरं होतं ते. माहेरी मी अनसूया. लग्न ठरलं तेव्हा वरुट्यांच्या घरात आधीच एक अनसूया नांदत होती. एका चुलीवर दोन अनसूया कशा चालतील, म्हणून मांडवातच माझी वत्सला झाली. घरात वच्छी. मला कुणी विचारलं नाही. पण शाळेच्या दाखल्यावर अनसूया होतं आणि मतदानाचं कार्ड मी हट्टानं तेच लावून करून घेतलं. घरानं काढून घेतलेलं नाव सरकारात तरी माझं राहू दे, एवढाच डाव होता. ह्या सगळ्यात माझी चूक शोधायची असेल तर ती एवढीच. घ्या लिहून.

नवऱ्याचं नावही मी तोंडानं घेते. आमच्यात घेत नाहीत. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. माझ्या नवऱ्याचं मी रेशनच्या रांगेत घेतलंय, बँकेत घेतलंय, भांडणात तर रोजच घेते. अजून तीन भाकरी खातो.

मला पडद्याआड बोलावलं. मागं तुमच्या माणसाचा आवाज येत होता.

"नवऱ्याचं नाव काय, बाई?"

अनसाक्का गप्प.

"नवरा आहे ना?"

"हाय की."

"मग नाव काय त्याचं?"

"अनसाक्का, उखाण्यात घ्या!" रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि सगळा मांडव हसला. तुमचा माणूसही हसला. "घ्या, घ्या. आम्ही ऐकतो." मग आणखी काहीतरी बोलणं झालं, ते मला ऐकू आलं नाही. माझ्या छातीवर तेव्हा डॉक्टरीणबाईंचा गार हात होता.

माझी गाठ डाव्या बाजूला होती. आंघोळ करताना सापडली. तुम्हाला माहीत नसेल, पण आमच्या वाडीत म्हशीच्या कासेला दगडी झाली की मला बोलावतात. दगडी म्हणजे कास घट्ट होते, दूध नासतं, वेळेत कळलं नाही तर सड कायमचा जातो. मी हात लावून सांगते. बोटाखाली गाठ हलली, सरकली, तर काळजी नाही, शेकल्यावर बसते. जागच्या जागी रुतलेली असेल तर ताबडतोब गाडी काढा. हे मला कुणी शिकवलं नाही. वीस वर्षं धारा काढून बोटं शहाणी झाली.

माझी गाठ बोटाखाली चिंचोक्यासारखी पळत होती. माझ्या हातानं मला त्याच दिवशी सांगितलं होतं. तरी शिबिराला गेले, कारण शिकलेल्या माणसांनी बघावं असं वाटलं. बघा, किती विश्वास होता तुमच्यावर.

डॉक्टरीणबाईंनी सुई घालून पाणी काढलं, काचेवर पसरलं. बाहेर पडताना मी म्हटलं, "माझ्या जावेलाबी बघा की. सोबतीला आलीया, नुस्ती उभी हाय."

अनसाक्का नको नको म्हणत आत गेली आणि तोंड बारीक करून बाहेर आली. "मलाबी सुई लावली बया. म्हणं गाठ हाय. अगं, शैलीच्या येळंचं दूध साकाळलं आसंल."

शैला तिची मुलगी, नववीला होती. म्हणजे ते दूध चौदा वर्षांचं. आम्ही दोघी त्यावर हसत हसत घरी आलो.

पंधरा दिवसांनी सिस्टर स्कूटीवरून आल्या. पौष महिना, उसाच्या तोडी चालू. आमच्या घरापुढं वाड्याचे, म्हणजे उसाच्या शेंड्यांचे, भारे पडलेले. मी गोठ्यात आमच्या मोरी म्हशीची कास शेकत होते. मोरी नुकतीच व्यायली होती आणि मागल्या सडाला दगडी धरायला लागली होती.

सिस्टरनी दोन पाकिटं काढली. उलटीपालटी केली. "अनसूया वरुटे दोघी ना तुम्ही? गाठ दाखवायला कोण आलं होतं?"

"मी," मी म्हटलं. "ही सोबतीला."

"मग हे तुमचं." त्यांनी एक माझ्या हातात दिलं, दुसरं अनसाक्काच्या. तिला म्हणाल्या, "तुमची साधी आहे, मावशी. काही करायचं नाही." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुम्ही मोठ्या दवाखान्यात जावा. लवकर. कॅन्सर आहे."

तेव्हा मी विचारायला पाहिजे होतं. माझं तोंड वाडीला माहीत आहे. दूध संस्थेच्या चेअरमनला मी मापाच्या लिटरवरून चौकात उभा केलाय. पण त्या शब्दानं जीभच गेली. हातातलं शेकायचं फडकं तसंच हातात, त्यातून गरम पाणी पायावर गळतंय, आणि मला एवढंच कळत होतं, की मोरी पाय आपटतेय.

आनंदा दुसऱ्या दिवशी कागद घेऊन शहरात गेला. खाट रिकामी नव्हती. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. "बाईला त्याच दिवशी आणा," म्हणाले म्हणे.

मग घर बदललं. सासूबाईंनी, आमच्या आत्तींनी, माझी खाट सोप्यात टाकली. "गोठ्यात पाय घालायचा न्हाई," म्हणाल्या. "ह्या रोगाचा हात कासंला लागला तर जनावर नासंल."

"आत्ती, त्यो काय खरूज हाय व्हय, हातानं लागायला?"

"तुला लई कळतंय. पडून ऱ्हा."

वीस वर्षं ज्या हातानं ह्यांची जनावरं वाचवली, त्या हाताला एका कागदानं विटाळ लागला. आणि खोटं कशाला बोलू, मीही पडून राहिले. रात्रंदिवस दोन्ही पोरांचा हिशेब मांडत पडले. धाकट्याला कोण न्हाऊ घालेल, थोरल्याच्या शाळेत कोण जाईल. आनंदा दुसरी करेल का. करेलच. कुठली करेल, तिचं तोंडसुद्धा मी ठरवलं.

माझ्या वाटचं सगळं अनसाक्कानं अंगावर घेतलं. मोरी, चांदी धरून सहा म्हशींच्या दोन वेळच्या धारा, शेण, खुराकाचं आंबोण, पाणी. दुपारी फडावर जाऊन वाड्याचा भारा डोक्यावरून आणायची, हाशहुश करत अंगणात टाकायची आणि माझ्यापुढं येऊन उभी राहायची.

"राणीसरकार, अंडं खाल्लं का?"

"नको झालंय गं."

"नको कसं? कोंबडीनं एवढ्या कळा सोसून घातलंय. तिचा तरी मान राख."

उकडलेलं अंडं सोलून ती माझ्या तोंडात घालायची. स्वतः चहात भाकरी बुडवून खायची आणि परत गोठ्यात. एकदा मी म्हटलं, "आक्का, मी गेले तर माझी पोरं..."

"तू कुठं चाललीस? तुझ्या जिभंला यम भितोय. दारातनंच माघारी जाईल." एवढं बोलून ती पाठमोरी झाली आणि बराच वेळ रिकाम्या बादलीत पाणी ओतत राहिली.

एकविसावा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघायचं होतं. पिशवी भरून झाली होती. संध्याकाळची धार चालू होती आणि मी खाटेवर डोळे मिटून ऐकत होते. तीन आठवड्यांत मला तेवढ्यानंच करमायचं. चरवीत पडणारी धार. दोन्ही हातांनी काढताना कसं ऐकू येतं माहीत आहे? सर्र, सर्र. एक हात, दुसरा हात. सारखं. घड्याळासारखं.

त्या दिवशी सारखं नव्हतं. एक धार जाड, दुसरी बारीक. सर्र... सिर. सर्र... सिर. मधेच थांबायची, परत सुरू. मला वाटलं, मोरीचा सड गेला.

उठले आणि आत्ती काय म्हणतील ते न बघता गोठ्यात गेले. मोरीचे चारी सड बघितले. ठणठणीत. दगडी केव्हाच बसली होती.

"आक्का, उजव्या हातानं वढ बघू."

"का?"

"वढ."

तिनं ओढलं. बोटं वळत होती, पण जोर नव्हता. दातावर दात धरलेले.

"कधीपासनं?"

"वाडं उचलून उचलून रग लागलीया. काखंत जरा अवघडल्यागत हुतंय. कागदावर साधी म्हणून आलंय नव्हं?"

"इकडं ये."

"काय करतीस? आगं, दारात कोण येईल."

"येऊ दे."

मी तिच्या चोळीत हात घातला. जाऊ जावेच्या अंगाला असा हात लावत नाही. मी लावला. उजव्या बाजूला, वरच्या अंगाला. पहिल्यांदा कातडी लागली, आत ओढल्यासारखी. मग गाठ. मी ती इकडं ढकलली, तिकडं ढकलली. हलेना. भुईत पुरलेल्या दगडासारखी. काखेत आणखी एक, हरभऱ्याएवढी.

माझा हात कधी चुकला नव्हता. माझी पळणारी आणि हिची रुतलेली. दोन पाकिटं, एक नाव.

आता एक सांगते. हे आजपर्यंत अनसाक्कालाही सांगितलं नाही. त्या क्षणी मला आनंद झाला. हात तिच्या छातीवर होता आणि पोटातून एकदम ऊन वर आल्यासारखं झालं, की मी मरत नाही, माझी पोरं माझ्याच हातानं न्हाणार. डोळा लवेपर्यंतच. पण झाला. तुम्ही मला तो आनंद करायला लावलात, साहेब. बाकी सगळं एकवेळ सोडेन, हे सोडणार नाही.

"आक्का," मी म्हटलं, "कागद बदललेत. ही तुझी गाठ हाय. माझी न्हवं."

तिनं माझा हात झटकला. "काय बोलतीस?"

"तुझी हालत न्हाई. माझी हालती. बघ, हात लाव."

"उद्या जायचं म्हणून भ्यालीस." तिचा आवाज कधी नव्हे तो चढला. "भ्यालीस आणि आपलं दुखणं माझ्या पदरात घालतीस? तीन आठवडे तुझं शेण काढलं मी, वच्छे. तुझ्या तोंडात घास घातला. हे फेडतीस व्हय?"

"आगं, पण..."

"मला पोरगी हाय लग्नाची!"

मोरी बुजली. चरवी लवंडली. दूध शेणातून वाहायला लागलं आणि दोघींपैकी कुणीही चरवी उचलली नाही.

आवाज ऐकून शैला गोठ्याच्या दारात आली. हातात तिचं इंग्रजीचं पुस्तक होतं.

मी खाटेकडं पळत गेले, पिशवीतून कागद काढला आणि पोरीच्या हातात दिला. मला इंग्रजी येत नाही. घरात कुणालाच येत नव्हतं. तिला येत होतं आणि तीन आठवड्यांत त्या कागदाला कुणी तिचा हात लागू दिला नव्हता, पोर आहे, घाबरेल म्हणून.

"ह्यात बाजू लिवली आसंल बघ. डावी का उजवी."

शैलानं कागद उजेडाला धरला. बोट ठेवून ठेवून वाचत गेली. एका जागी थांबली.

"राइट लिहिलंय, काकू. म्हणजे उजवी." मग तिला हायसं वाटलं, चेहरा फुलला. "काकू, तुमची तर डावीकडं हाय ना? म्हणजे हे तुमचं न्हाईच! काकू, तुमचं न्हाईच हे!"

तिनं मला मिठी मारली. मी तिच्या खांद्यावरून अनसाक्काकडं बघत होते. अनसाक्कानं आपला उजवा हात काखेत दाबून धरला होता. पोरीला अजून कळलं नव्हतं. पुढच्या घडीला कळलं. मिठी सुटली नाही, पण माझ्या पाठीवरचे तिचे हात हळूहळू गार पडले.

अनसाक्का खाली वाकली, चरवी उचलली, पदरानं आतून पुसली.

"चांदीची धार ऱ्हायलीया," म्हणाली.

"मी काढते."

"आत्ती वरडतील."

"वरडू देत."

मी बसले. ती शेजारी उकिडवी बसून राहिली. सगळी धार होईपर्यंत बसली. शेवटी म्हणाली, "त्या दिशी टेबलावर त्यानं मला इचारलं, पुढची बाई तुमच्याच घरातली ना. मी व्हय म्हटलं. त्यो म्हणला, मग झालं. मला वाटलं, सुटले. नाव घ्यावं लागलं न्हाई."

सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी गेलो, आनंदा आणि भावजी, म्हणजे अनसाक्काचे मालक, बरोबर. खाट माझ्या नावावर होती, तिच्यावर अनसाक्काला झोपवायचं होतं. वाटेत शिबिरवाल्या दवाखान्यात उतरून मी रजिस्टर उघडायला लावलं. एकतीस नंबर, अनसूया आनंदा वरुटे. बत्तीस नंबर, अनसूया. आणि त्यापुढं तुमच्या माणसानं दोन बारीक रेघा ओढल्या होत्या. म्हणजे 'वरच्यासारखंच'. काचेवर एकतीस-बत्तीस होते म्हणे, पाकिटावर नुसतं नाव.

मोठ्या दवाखान्यात खिडकीपुढं गर्दी होती. आतल्या बाईंनी कागद बघून हाक मारली, "अनसूया आनंदा वरुटे?"

मी पुढं झाले. अनसाक्कानं मला दंडाला धरून मागं ओढलं. स्वतः खिडकीशी गेली. डोक्यावरचा पदर सारखा केला. मला वाटलं, आता तोंडाला लावेल.

"न्हाई," ती म्हणाली. "अनसूया धोंडीराम वरुटे."

"काय? मोठ्यानं बोला."

"धोंडीराम!" तिनं असा आवाज लावला, की खिडकीपुढची गर्दी वळून बघायला लागली. "धोंडीराम ज्ञानू वरुटे! ह्यो हितं मागं हुबा हाय त्यो! लिवा. आणि लिवलेलं मला वाचून दावा."

भावजी मागं उभे होते. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी आपलं नाव तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. टोपी काढून हातात घेतली आणि भिंतीकडं तोंड केलं.

सर्जननी तपासून पहिला प्रश्न तोच विचारला. कागदावरची तारीख बघून म्हणाले, "बावीस दिवस कुठं होता? काखेत पसरायला लागलंय."

कुठं होती? वाडं उचलत होती. माझ्यासाठी अंडी सोलत होती. जिला काहीही झालं नव्हतं अशा बाईला खाटेवर झोपवून तिचं शेण काढत होती.

अनसाक्का जगली. एक बाजू काढली, काखेतलंही काढलं. उजवा हात कायमचा सुजलेला असतो, धार काढता येत नाही. गोठ्याच्या दारात बसून ती मला शिव्या घालते, मी आंबोण पातळ केलं म्हणून. माझी गाठ अजून आहे. चिंचोक्यासारखी. अधूनमधून हात लावून बघते, पळते का.

मी सातवी शिकलेली बाई. लिहिणं शिकले ते तुम्हाला अर्ज करून करून. चौथ्या अर्जाला तुमचं उत्तर आलं, तीन ओळींचं. 'रुग्ण महिलेने पतीचे नाव सांगण्यास टाळाटाळ केल्याने गैरसमज झाला. संबंधित कर्मचाऱ्यास समज देण्यात आली आहे.' खाली सही, तीही वाचता येत नाही.

संबंधित कर्मचारी. तो कोण, हे मी पुढच्या अर्जात विचारलं. त्याच्या पुढच्यात विचारलं. बारा वर्षं विचारतेय.

माझ्या जावेनं नवऱ्याचं नाव घेतलं नाही, कारण त्याचं आयुष्य कमी होईल असं तिला शिकवलं होतं. तरी वेळ आली तेव्हा भरल्या दवाखान्यात तिनं ते ओरडून घेतलं. आता तुमची पाळी. तो तुमचा कोण लागतो, की त्याचं नाव घ्यायला तुमच्या तोंडाला पदर लागतो?

त्याच्या नावाचा रकाना रिकामा आहे, साहेब. नाव घ्या.